घरातल्या खोलीला केवढं झुंबर घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, परभणी, बीड, संभाजीनगर, मेसेज कुठूनही आला तरी प्रश्न साधारण हेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. पहिले पाच सगळ्यांनी वाचा, पुढचे ज्याच्या त्याच्या घराप्रमाणं. आणि टेप हातात घेऊन वाचा, कारण अंदाजानं सांगितलेली खोली बहुतेक वेळा मापात फूटभर तरी वेगळी निघते.

१. हॉलसाठी किती इंची झुंबर घ्यावं, काही सरळ हिशोब आहे का?

आहे, आणि एकदम सोपाय. खोलीची लांबी आणि रुंदी फुटात मोजा, दोन्हींची बेरीज करा, जो आकडा येईल तेवढ्या इंचाचं झुंबर. हे आडवं माप, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत. हॉल १२ बाय १४ असेल तर बेरीज २६, म्हणून २६ इंच. १० बाय १० च्या खोलीला २० इंच. दोन इंच इकडं तिकडं झालं तर काही बिघडत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा की हे माप छताला दुसरं काहीच लटकत नाही असं धरून काढलेलंय, आणि आपल्याकडं छताला फॅन असतोच, तेव्हा प्रश्न ५ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

२. आडवं माप कळलं, पण झुंबराची उंची किती पाहिजे?

स्लॅबची उंची फुटात घ्या आणि तिला अडीच ते तीननं गुणा, तेवढे इंच. १० फूट स्लॅब असेल तर २५ ते ३० इंच उंचीचं झुंबर शोभतं. ही नुसत्या झुंबराची उंची, वरची चेन आणि कप (छताला चिकटणारी वाटी) धरून नाही. १० फुटाच्या खाली स्लॅब असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा आणि प्रश्न ३ चा नियम लावा, तिथं तोच मोठा.

३. जमिनीपासून किती वर लटकवायचं? आमच्याकडं सगळे उंच आहेत, डोकं लागायची भीती वाटते.

ज्या जागेखालून माणूस चालतो तिथं झुंबराचं सगळ्यात खालचं टोक जमिनीपासून निदान ७ फूट वर पाहिजे. हे बघायला सोपी खूण म्हणजे दाराची चौकट, आपल्याकडं दाराची वरची कड बहुतेक घरात ७ फुटाच्या आसपास असते, झुंबर त्या रेषेच्या खाली आलं की समजा कमी पडलं. आता हिशोब करा, १० फुटातून ७ गेले तर राहिले ३६ इंच आणि त्यात चेन, कप, झुंबर सगळं बसवायचंय. साडेनऊ फूट स्लॅबच्या फ्लॅटमधी राहतात ३० इंच. घरात फेटेवाले आजोबा असतील, लेकराला खांद्यावर बसवून नाचवणारे मामा असतील तर आणखी अर्धा फूट सोडा, मी तर सोडाच म्हणीन.

४. दुकानात छोटं वाटलं म्हणून मोठं घेतलं आणि घरी लावलं तर खोलीच भरून गेली, असं कामून होतं?

कारण दुकानाचं छत उंच असतं, हॉल मोठा असतो आणि तिथं एकाला एक लागून पन्नास झुंबरं लटकलेली असतात, त्या गर्दीत ३० इंची सुद्धा लहान दिसतं. डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. घरी वर्तमानपत्राचे कागद चिकटवून तेवढ्या मापाचा गोल कापा, सुतळीनं जिथं झुंबर येणार तिथं तेवढ्याच उंचीवर टांगा आणि दोन दिवस राहू द्या. येता जाता बघा, सोफ्यावर बसून बघा, टीव्ही अडतो का बघा, कपाटाचं आणि माळ्याचं दार उघडून बघा. याला एक रुपया लागत नाही आणि हेच काम लोक करत नाहीत. आणखी एक, भरगच्च काचेच्या लोलकाचं झुंबर त्याच मापात मोठं वाटतं आणि नुसत्या बारीक रिंगा असलेलं मोकळं वाटतं, तेव्हा लोलकवालं असेल तर बेरजेपेक्षा दोन-तीन इंच कमी आणि रिंगवालं असेल तर तेवढं जास्त चालतं.

५. हॉलच्या मधी एकच हुक आहे आणि त्याला फॅन आहे. झुंबर कुठं लावू? फॅन काढू का?

फॅन काढायचा विचारसुद्धा करू नका. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, दुपारी फॅनशिवाय त्या हॉलमधी कोण बसणार, मग झुंबर बघायलाही कोणी नसतं. खरं सांगायचं तर मराठवाड्यात झुंबराचा आकार खोली ठरवत नाही, फॅन ठरवतो, आणि हे दुकानदार सांगत नाहीत म्हणून मला परत परत सांगावं लागतं.

रस्ता असा की मधला पॉइंट झुंबराला द्यायचा आणि दोन्ही बाजूला दोन फॅन घ्यायचे. पण इथं माप चुकतं. १२ बाय १६ चा हॉल धरा, बेरजेनं झुंबर येतं २८ इंच. दोन फॅन टोकाच्या भिंतीपासून ४-४ फुटावर लावले, १२०० एमएमच्या फॅनचं पातं मध्यापासून २ फूट जातं म्हणजे भिंतीपासून ६ फुटापर्यंत पातं आलं, आणि २८ इंची झुंबराची कड सुरू होते ६ फूट १० इंचावर. मधी राहिले १० इंच, हे फार कमी झालं, वाऱ्यानं लोलक एकमेकांवर आपटत राहतात आणि चेनवालं झुंबर हलत राहतं. आता तेच झुंबर २० इंची घ्या आणि फॅन भिंतीपासून साडेतीन फुटावर न्या, पातं साडेपाच फुटावर संपतं, झुंबर ७ फूट २ इंचावर सुरू होतं, मधी २० इंच मोकळे. पात्याच्या टोकापासून झुंबराच्या कडेपर्यंत दीड फूट तरी पाहिजेच असं धरून चाला. आणि फॅनच्या शेजारी लटकणार असेल तर चेनऐवजी रॉडवालं घ्या.

झुंबराचे बल्ब पात्याच्या वर येणार नाहीत हे पण बघा, नाहीतर फॅन चालू केला की पूर्ण खोलीत सावली लपकलपक करते आणि तासाभरात डोकं दुखायला लागतं.

फॅन सरकवणं शक्यच नसेल, म्हणजे स्लॅब जुना आहे किंवा वायरिंग परत करायची नाही, तर फॅन मधीच राहू द्या आणि सोफ्याच्या कोपऱ्यात टीपॉयच्या वर १४-१६ इंची छोटं हँगिंग लावा. घर अजून बांधकामात असेल तर लई चांगलं, स्लॅब पडायच्या आधी मिस्त्रीला आणि वायरमनला सांगून एका रेषेत तीन फॅन बॉक्स टाकून घ्या, तेव्हा खर्च नावाला असतो, नंतर स्लॅबला भोकं पाडत बसावं लागतं.

६. फॅन आणि झुंबर एकत्र मिळतं, पाती आत जातात, ते घ्यावं का?

दिसायला छान आहे आणि एकाच हुकवर काम होतं. पण हवा किती फेकतो ते डब्यावर बघून घ्या, क्यूबिक मीटर प्रति मिनिट असा आकडा असतो. साधा १२०० एमएमचा चांगला फॅन २१० च्या पुढं देतो, यातले बरेच त्याच्या खूप खाली असतात. छोट्या बेडरूममधी एसी असेल तर घ्या, मोठ्या हॉलमधी एकट्यावर उन्हाळा निघणार नाही. आकाराचा हिशोब पाती उघडलेली धरून करायचा, बंद धरून नाही.

७. आमचा हॉल लांबट आहे, १० बाय २०. बेरीज ३० येते, ३० इंची लावू का?

नका लावू. बेरजेचा हिशोब खोली चौकोनी किंवा थोडी लांबट असेल तोवर बरोबर बसतो, लांबी रुंदीच्या दुप्पट झाली की फसतो, १० फूट रुंदीत ३० इंची गोल दोन्ही भिंतींच्या अंगावर येतो. हॉलचे मनात दोन भाग करा, १० बाय १० चे, प्रत्येकाला २० इंच येतं, त्यातून दोन इंच कमी करून १८ इंची दोन सारखी लावा. गुंठ्या-दीड गुंठ्याच्या प्लॉटवरच्या घरात असे हॉल भरपूर आहेत. दोन नको असतील तर लांबट आकाराचं एक घ्या, ते लांबीच्या दिशेनंच लावायचं.

८. हॉल आणि डायनिंग एकच आहे, मधी भिंत नाही. पूर्ण माप धरायचं का?

नाही, सोफा जिथं संपतो तिथं एक खोली संपली असं धरा आणि दोन्हींचं वेगळं माप काढा. एल आकाराचा हॉल असेल तरी तेच. दोन्ही झुंबरं एकसारखी पाहिजेत असं काही नाही, पण रंग एक ठेवा, एक सोनेरी आणि एक काळं असलं की उरलेलं सामान लावल्यासारखं दिसतं.

९. डायनिंग टेबलच्या वर केवढं आणि किती खाली?

इथं खोलीचं माप विसरा, टेबल मोजा. टेबलाच्या रुंदीच्या अर्धा ते दोन तृतीयांश एवढं झुंबर. सहा जणांचं टेबल साधारण ५ बाय ३ फूट असतं, म्हणजे रुंदी ३६ इंच, झुंबर १८ ते २४ इंच. चार जणांच्या अडीच फुटी टेबलाला १५ ते २०. लांबट झुंबर असेल तर ते टेबलाच्या लांबीच्या दोन तृतीयांशपर्यंत, ५ फुटी टेबलाला ४० इंच. उंचीचं म्हणाल तर टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापासून झुंबराच्या खालच्या टोकापर्यंत ३० ते ३६ इंच, ८ फूट छताला ३० धरा आणि पुढं प्रत्येक फुटाला ३ इंच वाढवा, म्हणजे १० फूट स्लॅबला ३६. खाली टेबल असल्यामुळं कोणी चालत नाही म्हणून इथं ७ फुटाचा नियम लागत नाही. समोरासमोर बसलेल्यांचे चेहरे एकमेकांना दिसले पाहिजेत, बल्ब डोळ्यात जायला नको, एवढं बसून तपासा.

१०. आम्ही टेबल कार्यक्रमाला बाजूला सरकवतो आणि पंगत बसवतो, मग?

हा प्रश्न फक्त आपल्याकडूनच येतो आणि अगदी बरोबर आहे. वास्तुशांत, बारसं, साखरपुडा, टेबल भिंतीला लागतं आणि वाढपी हातात भांडं घेऊन वाकून वाकून पळत असतात, उठताना डोकं थेट झुंबरात. त्यासाठी चेनवालंच झुंबर घ्या आणि छताजवळ एक जास्तीचा हुक ठेवा, चेनच्या लागतील तेवढ्या कड्या वर अडकवल्या की ते ७ फुटाच्या वर जातं. वायर तेवढी सैल ठेवायला वायरमनला आधीच सांगा. रोजच खाली बसून जेवत असाल तर ती जागा साध्या खोलीसारखी धरा, प्रश्न १ आणि ३.

११. पीओपी केलंय, मधी खोलगट चौकोन आहे. माप कुठून धरू?

उंची पीओपीच्या खालच्या कडेपासून धरायची, मूळ स्लॅबपासून नाही, पीओपीत सहा ते नऊ इंच जातातच. आडव्या मापात दोन आकडे काढा, एक बेरजेचा आणि दुसरा त्या खोलगट चौकोनाच्या रुंदीचा अर्धा, आणि दोन्हीत जो लहान तो घ्या. चौकोन ४ फुटाचा असेल तर अर्धं म्हणजे २४ इंच. आणि पीओपीला किंवा जिप्समच्या पत्र्याला झुंबर टांगायचं नाही, कितीही हलकं असलं तरी. रॉड त्यातून आरपार जाऊन वर स्लॅबलाच पकडला पाहिजे.

१२. मोठं झुंबर जड असतं. फॅनचा हुक पेलेल का? भूकंप झाला तर?

आकार दीडपट केला तर वजन दीडपट होत नाही, एकाच डिझाइनमधी दुपटीच्या वर जातं, हे आधी समजून घ्या. फॅन असतो चार-सहा किलोचा. काचेचं २४ इंची झुंबर सहज दहा-बारा किलोचं निघतं आणि ३६ इंची पंचवीस-तीसला पोचू शकतं. स्लॅबच्या सळईत अडकवलेला जुना हुक गंजलेला नसेल तर हलकं झुंबर पेलतो, पण पंधरा किलोच्या वर गेलं की वेगळी प्लेट आणि स्लॅबमधी चार अँकर फास्टनर (स्लॅबमधी घट्ट रुतणारे लोखंडी बोल्ट), प्लास्टिकचे गट्टू नाही. आणि एक जास्तीची स्टीलची वायररोप वेगळ्या हुकला बांधून ठेवायची, चेन तुटली तरी झुंबर खाली येणार नाही.

तपासायचं असेल तर झुंबराच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा धान्याचा कट्टा त्या हुकला जमिनीपासून वीतभर वर दिवसभर लटकवून बघा, खाली कोणाला बसू देऊ नका.

भूकंपाची भीती खोटी नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, सगळे झोपेत होते, आणि लातूर-धाराशिवकडच्या घरात आजही डोक्यावर जड काही लटकवायचं म्हणलं की मोठी माणसं नको म्हणतात. हिंगोली, नांदेड, परभणीकडं २०२४ मधी मार्चला आणि जुलैला धक्के जाणवले. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पलंगाच्या, पाळण्याच्या, आजी जिथं रोज बसतात त्या जागेच्या वर जड काचेचं झुंबर नको. तिथं कापडी, वेताचं किंवा ॲक्रिलिकचं हलकं घ्या, माप तेच ठेवलं तरी वजन अर्ध्याच्या खाली येतं.

१३. गावाकडं माळवदाचं (लाकूड-मातीच्या सपाट छताचं) घर आहे, जुना वाडा. तिथं झुंबर लावता येईल का?

येतं, आणि ढाळजेत किंवा बैठकीत फार सुंदर दिसतं. पण माळवदाची उंची बहुतेक आठ-साडेआठ फूटच असते, तेव्हा ७ फूट सोडून हातात एक-दीड फूटच उरतो, त्यात १२ ते १५ इंच उंचीचं, छताजवळ बसणारं झुंबरच घ्यावं लागेल. लटकवायचं ते फक्त तुळईला, मधल्या किलच्यांना (बारीक लाकडांना) नाही, आणि आधी तुळई ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवी लागलेली असू शकते. झुंबर दोन तुळयांच्या मधी पाहिजे असेल तर दोन्हींवर आडवा लोखंडी पाईप टाकून त्याला टांगा. जुन्या लाकडाला उघडी वायर चिकटवू नका, पाईपातूनच न्या.

१४. पत्र्याचं घर आहे, तिथं?

पत्र्याला नाही, अँगलला टांगा. तीन-चार किलोच्या आतलं, १६-१८ इंची, धातूचं किंवा वेताचं. उन्हाळ्यात पत्र्याखाली भयंकर तापतं, स्वस्त प्लास्टिक वाकतं आणि एलईडीचा ड्रायव्हर (आतला करंट सांभाळणारा भाग) लवकर जातो, म्हणून बदलता येणारे बल्ब असलेलंच घ्या.

१५. डुप्लेक्स आहे, हॉलला २० फूट उंची. हैदराबादला बघितलं तसं मोठं झुंबर लावायचंय.

नांदेड-लातूरची बरीच मंडळी हैदराबादला खरेदीला जातात, निजामांचा चौमहल्ला राजवाडा बघतात, तिथल्या दरबार हॉलमधी बेल्जियन काचेची १९ झुंबरं आहेत, आणि परत येऊन तसंच मागतात. हौस असावी, पण तो दरबार आहे. तुमच्या घरात उघड्या भागाचंच माप धरा, पूर्ण हॉलचं नाही. वरून मोकळी जागा १० बाय १२ असेल तर २२ इंचापासून सुरू करा, उंच जागेत थोडं मोठं खपतं म्हणून २६ पर्यंत जा. उंची २० गुणिले अडीच, म्हणजे ५० इंच, लांब धबधब्यासारख्या आकाराचं इथं शोभतं. खालचं टोक वरच्या मजल्याच्या फरशीच्या रेषेत किंवा त्याच्या थोडं वर ठेवा, म्हणजे वरूनही आणि खालूनही दिसतं. वरच्या रेलिंगपासून निदान तीन फूट लांब, लेकरं हात घालतात. आणि पुसणार कसं ते आधी ठरवा, खाली-वर करणारी मोटर बसवून घ्या नाहीतर दर दिवाळीला परांची बांधावी लागेल.

१६. जिन्यात लावायचंय.

ज्या पायरीच्या वर येतंय त्या पायरीपासून ७ फूट मोजा, तळमजल्यापासून नाही. जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सोडणार असाल तर त्या जागेच्या रुंदीच्या अर्ध्याच्या वर जाऊ नका, गादी-कपाट वर नेताना तिथंच धडकतं.

१७. बेडरूमला?

बेरजेतून तीन-चार इंच कमी करा. मच्छरदाणी लावत असाल तर तिचा दांडा आणि दोरी कुठून जाते ते आधी बघा. जड नको, कारण प्रश्न १२ मधी लिहिलंय.

१८. देवघरात झुंबर चालतं का?

चालतं, ५ बाय ५ च्या देवघराला १० इंची पुरे. समई आणि धूप जिथं असतो त्याच्या बरोबर वर लावू नका, काजळी धरते, आणि कापडी किंवा कागदी शेड तर इथं अजिबात नको.

१९. ऑनलाइन माप एमएममधी असतं, कसं समजायचं?

२५ एमएम म्हणजे साधारण एक इंच. ५०० एमएम जवळपास २० इंच, ६०० म्हणजे २४, ८०० म्हणजे साडेएकतीस. उंची लिहिलेली असते ती चेन धरून आहे का नुसती झुंबराची ते विचारा, तिथंच बहुतेक जण फसतात. चेन कापून लहान करता येते, रॉड सगळेच कापता येत नाहीत, हे पण ऑर्डर करायच्या आधीच विचारून घ्या. वजन लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

२०. माप बरोबर घेतलं पण उजेड कमी पडतो, मोठं घ्यायला पाहिजे होतं का?

नाही, आकाराचा आणि उजेडाचा संबंध थोडाच. हॉलला चौरस फुटाला १५ लुमेन (उजेड मोजायचं माप) धरा, १२ बाय १४ म्हणजे १६८ चौरस फूट, गुणाकार अडीच हजार लुमेनच्या आसपास. ५ वॅटचा एलईडी बल्ब चारशेच्या पुढं देतो, सहा बल्बात झालं, आणि ३० वॅट इन्व्हर्टरलाही जड नाही. लाईट गेली तरी झुंबर चालू राहतं. सहाच्या खाली बल्ब असतील तर भिंतीला एक-दोन लाईट जोडा. धूळ बसली की उजेड घटतो हे पण आहे, आणि बोअरच्या जड पाण्यानं लोलक पुसले तर पांढरे डाग राहतात, त्याला आरओचं पाणी वापरा. कूलरच्या तोंडासमोर झुंबर लावू नका, ओल्या हवेनं तारा गंजतात.

२१. वाचायला उशीर झाला, मोठं झुंबर घरी येऊन पडलंय. आता?

अजून लावलं नसेल तर आधी डबा सांभाळून ठेवा आणि दुकानदाराला फोन करा, न लावलेलं बरेच जण बदलून देतात. लावून झालं असेल तर पहिल्यांदा चेन कमी करा, निम्म्या घरात तेवढ्यावर भागतं. दोन-तीन थराचं असेल तर खालचा थर बऱ्याच डिझाइनमधी सुटा निघतो, तो काढून ठेवा. आडवं माप मोठं असेल तर मात्र ते कमी होत नाही, तेव्हा घरातली दुसरी खोली बघा, किंवा झुंबराच्या बरोबर खाली टीपॉय, सेंटर टेबल असं काही कायमचं ठेवा म्हणजे त्याखालून चालणं बंद होतं. आणि फॅनच्या पात्यापासून दीड फूट सुटत नसेल तर जागा बदलेपर्यंत शेजारचा फॅन बंदच ठेवा.